अर्थ मोजता येतो का?

प्रश्न : अर्थ तर मनात असतो. मग भाषाशास्त्रज्ञ तो तपासतात कसा?

उत्तर : थेट दिसत नाही, पण चाहूल लागते. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या मेंदू-संशोधकांनी वाचकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि काही वाक्यांच्या शेवटी भलताच शब्द घातला. ‘पावाला मोजे फासले’ अशा थाटाचा. शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत-आलेखात ऋण (विजेच्या उणे बाजूची) लाट उठली. नुसती अक्षरं मोठी केली तर ती उठेना! म्हणजे लाट दिसण्याची नाही, अर्थाची. माझ्या मते खरी मेख तिथंच आहे.

२००४ मध्ये डच वाचकांना ‘आपल्या रेल्वेगाड्या पांढऱ्या’ (असतात पिवळ्या) आणि ‘आपल्या रेल्वेगाड्या आंबट’ अशी दोन्ही वाक्यं दिली. पहिलं जगाच्या माहितीनुसार खोटं, दुसरं शब्दांच्या अर्थानंच विसंगत. लाट जवळपास सारखीच. म्हणजे आधी शब्दांचा अर्थ, मग जगाची माहिती, असं मेंदू करत नाही. व्याकरणाच्या चुकीला आलेख वेगळाच येतो. त्याबद्दल कुणीतरी विचारा की!