सीनिअर इयरमध्ये कोणत्या एपी परीक्षा द्याव्यात?

तुमची मुलगी सीनिअर इयरला, म्हणजे अमेरिकी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, सहा एपी विषय (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेज पातळीचे विषय) शिकते आहे, तिला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला जायचे आहे आणि शाळा सहाही परीक्षांची नोंदणी करायला सांगते आहे, हे वाचून आमच्या घरातली तीच ओढाताण आठवली, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मुलाच्या शाळेतील मार्गदर्शन विभागाने आम्हाला ठामपणे सांगितले होते की परीक्षा वगळली तर कॉलेजांना शंका येते. या सल्ल्याने आमचे सर्वाधिक नुकसान केले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. सीनिअर इयरचे गुण जुलैच्या सुरुवातीला लागतात. तोवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे निर्णय होऊन बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत प्रवेश पक्का करण्याचे डिपॉझिटही भरलेले असते. मग शंका घेणार कोण आणि कधी? या गुणांचा उपयोग उरतो तो केवळ क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळण्यापुरता किंवा पहिल्या वर्षाचा एखादा कोर्स सुटण्यापुरता. (ब्रिटनमधली, या गुणांवर अवलंबून असलेली सशर्त ऑफर हातात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.) मुलाने सगळ्या परीक्षा दिल्या, स्टॅटिस्टिक्स आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या तयारीत फिजिक्स सी (कॅल्क्युलसवर आधारलेले फिजिक्स) मागे पडले, आणि त्याच्या डिपार्टमेंटला नेमके तेच हवे होते. बाकीचे क्रेडिट इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून जमा झाले, पदवीच्या एकाही सक्तीच्या कोर्सऐवजी धरले गेले नाही.

म्हणून ‘क्रेडिट मिळते का’ एवढेच विचारू नका. किती गुणांवर, कोणत्या कोर्सऐवजी आणि तिच्या मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) ते धरले जाते का, हे डिपार्टमेंटच्या तक्त्यात पाहा. कॉलेजागणिक फरक मोठा असतो. एपीचे गुण १ ते ५ असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात ३ गुणांवरही क्रेडिट मिळते, पण तेवढ्याने कोर्स सुटेलच असे नाही. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीच्या (एपीच्या दोन कॅल्क्युलस विषयांपैकी वरच्या पातळीच्या) ५ गुणांना किंमत आहे, केमिस्ट्रीला नाही. कॅलटेक एपीचे क्रेडिट देतच नाही. इंजिनीअरिंगसाठी माझे मत स्पष्ट आहे: कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सीचे दोन्ही भाग (मेकॅनिक्स आणि विद्युत-चुंबकत्व) आधी, बाकीचे नंतर. फिजिक्स १ कॅल्क्युलसविना शिकवतात, त्यामुळे इंजिनीअरिंगच्या फिजिक्सऐवजी ते सहसा चालत नाही.

अडचण अशी की नोंदणी नोव्हेंबरमध्ये होते आणि कॉलेज ठरते वसंतात. नोंदवलेली परीक्षा न दिल्यास साधारण ४० डॉलर जातात, पण मेच्या त्या दोन आठवड्यांतली मुलीची दमछाक वाचत असेल तर मी ते आनंदाने भरेन. मात्र एपीचा वेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेली शाळेची गुणसरासरी) मिळण्यासाठी परीक्षा सक्तीची आहे का, हे शाळेकडून लेखी घ्या. काही शाळांचा तसा नियम असतो. आणि परीक्षा सोडणे म्हणजे विषय सोडणे नव्हे: सीनिअर इयरचा विषय मध्येच सोडल्यास कॉलेजला कळवावे लागते आणि त्याचा परिणाम प्रवेशावर होऊ शकतो.

मी समुपदेशक नाही, आणि प्री-मेडच्या (पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या) मुलांना हे जसेच्या तसे लागू करू नये, कारण काही मेडिकल स्कूल पूर्वअटींच्या विषयांसाठी एपीचे क्रेडिट मान्य करत नाहीत. एक किरकोळ गोष्ट: दरवर्षी एका कॉलेजला गुण विनाशुल्क पाठवता येतात, त्याची मुदत साधारण २० जूनला संपते. डिपॉझिट भरल्यावर त्याच कॉलेजचे नाव तिथे टाकून ठेवा.