पुण्याच्या उन्हात पश्चिमेकडील गच्चीवर आपण फुलबाग कोणत्या पद्धतीने करता?

नमस्कार. आपल्या नव्या घराची गच्ची पश्चिमेला आहे, फुलांची हौस आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत तिथे माणूससुद्धा उभा राहू शकत नाही, तेव्हा इतर लोक आपली बाग कशी सांभाळतात, असे आपण विचारले आहे. माझी गच्चीही कोथरूडला, चौथ्या मजल्यावर आणि पश्चिमेचीच आहे. शिवाय पहिली तीन वर्षे मी बाग सपशेल चुकीच्या पद्धतीने केली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून आले की कुणालाही वाटते, आपल्याही गच्चीवर असेच ताटवे असावेत. मीही दरवर्षी फेब्रुवारीत पिटुनिया, फ्लॉक्स आणि डायंथसची फुलांवर आलेली रोपे रोपवाटिकेतून आणत असे आणि मार्च अर्धा सरेपर्यंत ती सारी माना टाकत. ही थंडीची हंगामी फुले आहेत. त्यांची रोपे ऑक्टोबरच्या सुमारास लावली तर हिवाळाभर फुलतात. मी त्यांना हंगामाच्या शेवटी घरी आणत होते आणि खापर मात्र उन्हाच्या माथी फोडत होते.

नंतर एकदा मनाशी हिशेब केला की, उन्हाळ्यात मी गच्चीवर प्रत्यक्ष असते तरी केव्हा? सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. पारा ३८ ते ४० अंशांवर असताना फुललेला लालभडक ताटवा पाहायला तिथे कुणीच नसते. उलट पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळनंतर हवा बऱ्यापैकी निवते आणि खुर्ची टाकून बसावेसे वाटते. तेव्हापासून मी रंगांपेक्षा वेळेनुसार बाग लावते, आणि अंधारात दिसतो तो पांढरा रंग व कळतो तो वास, म्हणून तिच्यातला मोठा वाटा पांढऱ्या, सुवासिक फुलांचा आहे.

या बागेत पहिला मान मोगऱ्याचा. त्याला दिवसाला निदान पाच-सहा तास कडक ऊन लागते, म्हणजे आपल्याला जो पश्चिमेचा जाच वाटतो तो त्याला हवाच असतो. त्याची कळी नव्या फुटीवर येते, हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे त्यावरून सुचते. जानेवारीत दोनेक आठवडे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, महिनाअखेरीस छाटणी करून उरलेली पाने काढून टाकावीत, वरची माती हलवून शेणखत घालावे आणि मग पुन्हा पाणी सुरू करावे. एक बहर ओसरला की शेंडे खुडावेत, म्हणजे दुसरा येतो. बटमोगरा दिसायला देखणा, पण फुलांच्या बाबतीत चिक्कू आहे; पहिली कुंडी साध्या मोगऱ्याची किंवा मदनबाणाची घ्यावी, असे माझे मत आहे. त्याच्या जोडीला निशिगंध, पावसाळ्यात जुई, आणि उन्हे कलली की उमलणारी गुलबक्षी, जी एकदा लावली की बी पडून आपली आपणच उगवत राहते. रातराणीही आहे. तिच्या वासाने साप येतात म्हणून शेजारच्या काकूंनी बजावले होते. चौथ्या मजल्यापर्यंत अद्याप एकही चढलेला नाही, परंतु वास इतका उग्र असतो की कुंडी शयनगृहाच्या खिडकीपासून लांबच बरी.

सकाळची बाग पूजेची आहे आणि तिची मांडणी सासूबाईंच्या मर्जीने झाली आहे: जास्वंद, तगर, गोकर्ण आणि बारमाही सदाफुली. जास्वंदीवर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण हमखास येतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा आणि मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. दुपारसाठी मी एकच गोष्ट ठेवली आहे, ती म्हणजे ऑफिसटाइम. नावाप्रमाणेच हे झाड कचेरीच्या वेळेला फुलते आणि दुपार उलटली की मिटते, त्यामुळे नोकरी करीत होते तोवर माझ्या वाट्याला ते फक्त रविवारी येई.

पश्चिमेच्या कठड्यालगत बोगनवेल लावावी. ती स्वतः ऊन झेलते आणि तिच्या आडोशाला अबोलीसारखी अर्ध्या सावलीची झाडे तग धरतात. तिला पाणी बेताचेच द्यावे, कारण लाड केले की ती नुसती पाने वाढवते.

शेवंतीने मला एक वर्ष चांगलेच कोड्यात टाकले होते. झाडे तजेलदार, पण डिसेंबर उजाडला तरी कळीचा पत्ता नाही. शेवंती कळी धरते ती रात्र मोठी होऊ लागल्यावर, आणि मी त्या कोपऱ्यातला दिवा रात्रभर जळत ठेवत होते! कुंड्या अंधाऱ्या बाजूला हलवल्यावर काही आठवड्यांत कळ्या दिसू लागल्या.

कुंड्या शक्यतो मातीच्या आणि निदान बारा इंची घ्याव्यात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नये, कारण ती वाळली की तडकते आणि घातलेले पाणी भेगांतून थेट खाली निघून जाते. लाल माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा हे मिश्रण चांगले, आणि त्यावर वाळक्या पानांचा तीन-चार बोटे जाड थर असावा. पाणी सकाळी लवकर द्यावे. दुपारी गच्चीवरच्या नळाला अक्षरशः कढत पाणी येते, तेव्हा कोमेजलेले झाड पाहून कळवळा आला तरी नळीला हात लावू नये. बहुतेक झाडे संध्याकाळी आपोआप सावरतात.

आपण आत्ता, भर उन्हाळ्यात, एकदम वीस रोपे आणू नयेत. सध्या मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणि कठड्याला बोगनवेल एवढेच लावावे, बाकीच्या कुंड्या भरून ठेवाव्यात आणि जूनमध्ये दोन-चार पाऊस चांगले झाले की मगच उरलेली झाडे आणावीत.