पायरीच्या दगडात सिमेंट भरलं तरी तो पुन्हा हलतो, काय करावं?

पंचवटीतल्या जुन्या घराच्या दारातला पायरीचा काळा दगड हलतो, दरजेत सिमेंट भरलं तरी पावसाळ्यात ते निघून येतं, असं तुम्ही लिहिलंय. आता पुन्हा भरू नका. दगड उचलावाच लागेल. तो हलतो कारण खालची भर वाहून गेली आहे. पाय पडला की दगड किंचित कलतो, वरचं सिमेंट तडकतं, त्या फटीतून पाणी आत जातं आणि उरलीसुरली मातीही घेऊन बाहेर पडतं. वरून कितीही भरलं तरी खालची पोकळी तशीच राहते.

आधी हातोडीच्या दांड्याने दगडभर ठोकून बघा. भरीव जागी खणखणीत वाजतं, पोकळ जागी बद्द. शेजारचे दगडही वाजवून घ्या. मग पाणी कुठून येतं ते शोधा. पत्र्याची पागोळी थेट पायरीवर पडत असेल किंवा ओट्याचा ढाळ भिंतीकडे असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर सगळी मेहनत पुढच्या जूनमध्ये वाया जाईल. फटीत पिंपळाचं रोप असेल तर मुळासकट काढा.

दगड उचलताना घाई नको. तीन फूट लांब, फूटभर रुंद, सहा इंच जाड काळा दगड सव्वाशे किलोच्या घरात जातो. दरजा छिन्नीने मोकळ्या करा, पहारीखाली लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे कड उडणार नाही. दगड जरा वर आला की लगेच पाचर सारा. बोटं खाली घालायची नाहीत. हे काम दोघातिघांनी मिळूनच करा.

खालची भुसभुशीत माती कडक तळ लागेपर्यंत काढा, पाणी मारून चोपणीने धुमसा, खड्डा खोल असेल तर काँक्रीटने भरून काढा. जुना माल दगडावरून खरवडून तारेच्या ब्रशने धुवा. आपला काळा दगड पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे गुळगुळीत तळाला माल धरत नाही. तळाला टाकी मारून, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडून, तो खडबडीत करून घ्या. बरेच जण हे काम गाळतात, आणि दगड सुटतो तो तिथूनच.

माल एकास चार, म्हणजे एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. पाणी बेताचं, मुठीत लाडू वळला पाहिजे. इंच-दीड इंच थर पसरा, दगडाच्या ओल्या तळाला सिमेंटचा घोळ फासा, दगड बसवा आणि वर लाकडी फळी ठेवून ठोका. लेव्हल पट्टी लावा. लांबीत सपाट, पण रुंदीत बाहेरच्या बाजूला ढाळ हवा, फूटभर रुंदीला साधारण 5 मिलिमीटर. दरजा दुसऱ्या दिवशी एकास तीन मालाने दाबून भरा. हातमोजे घाला, सिमेंटने कातडी भाजते.

पुढचे सात दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. पहिले तीन दिवस त्या पायरीवर कुणाचाही पाय पडू देऊ नका, मागचं दार वापरा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर या कामाला उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर ऊन उतरल्यावर करा.

उकरताना पांढरा, चुरा होणारा माल निघाला तर घर चुन्यातलं आहे. तिथे कडक सिमेंट शेजारच्या मऊ चुन्याशी जुळत नाही, फट पुन्हा कडेनेच पडते. चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, वापरणारा जुना गवंडी मिळतो का ते बघा. काम हळू वाळेल, पण त्या घराला तेच मानवेल.

आणि कुणी ‘हा काढून पॉलिशचा ग्रॅनाइट टाका’ म्हणालं तर ऐकू नका. पावसात त्यावरून घरातली म्हातारी माणसं घसरतील. काळाराम मंदिर याच जातीच्या काळ्या दगडात उभं आहे, तुमच्या दगडात काही खोट नाही. दगड आरपार चिरलेला असेल तरच बदला.

दोन-तीन पायऱ्या बद्द वाजल्या, किंवा बाजूची भिंत पायऱ्यांपासून सुटलेली दिसली, तर मात्र स्वतः हात घालू नका. पायाच खचला असेल, गवंड्याला बोलावून दाखवा.