बेवारस दिसणारी गाडी आपल्या नावावर करता येते का?

नाही. बेळगावच्या टिळकवाडीत तुमच्या गेटसमोर वर्षभर धूळ खात पडलेली ती एमएच-०९ मारुती कितीही बेवारस वाटली, तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव तोच मालक. परस्पर ओढून नेलीत तर चोरीचं लचांड तुमच्याच गळ्यात.

जवळच्या पोलीस ठाण्यात फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लिहून ठेवत नाही. सार्वजनिक जागेत १० तासांहून जास्त बेवारस सोडलेलं वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली पोलीस उचलू शकतात. जप्तीनंतर मालकाचा पत्ता लागला नाही, तर मॅजिस्ट्रेट जाहीर नोटीस काढतात, दावा करायला ६ महिने मिळतात. कुणीच आलं नाही तर गाडी सरकारजमा, मग लिलाव. बोली लावायची ती तिथे.

मालक सापडला आणि विकायला तयार झाला, तर उत्तमच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही, कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग बेळगावचा केए-२२ नंबर. फक्त कर्नाटकचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल, तो त्या डबड्याला परवडतो का ते आधी बघा.