आमवात आणि थायरॉईड दोन्ही आहे, रोजच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन्स कसं जमवता?

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्षभरापूर्वी आमवात निघाला, थायरॉईड आधीपासूनच होतं, आता कॅल्शियम, डी, लोह, बी१२, फॉलिक असं सगळं धरून आठ-नऊ प्रकार झालेत आणि ऑफिसच्या घाईत सकाळी सगळं मुठीत घेऊन चहाबरोबर गिळून टाकता. ते चहाबरोबरचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण मी पण तीन वर्षं अगदी हेच केलंय.

मला आमवात २०१६ पासून, थायरॉईड त्याच्याही आधी, धाकटीच्या बाळंतपणानंतर. मी डॉक्टर नाही, मी काय करते आणि का करते तेवढं सांगते, डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

२०१९ मध्ये माझा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे गोळी कमी पडतेय) ११ आला. गोळी एक दिवस चुकवलेली नव्हती. डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमची १०० केली. तरी दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट फारसा हलला नाही, पाय सुजलेले, केस गळतायत, दिवसभर झोप. मग त्यांच्याकडे हाताखाली शिकणारी एक मुलगी होती तिने विचारलं, "काकू, गोळी घेता कशी ते जरा करून दाखवा." मी म्हटलं करून काय दाखवायचं, थायरॉईड, कॅल्शियम, लोह, बी१२ सगळ्या हातावर घेते आणि चहाचा घोट. ती म्हणाली, मग थायरॉईडची गोळी अंगाला लागणार कशी, कॅल्शियम आणि लोह तिला पोटातच धरून ठेवतात, चहाकॉफीनेही शोषण कमी होतं. कॅल्शियम-लोह आणि थायरॉईडची गोळी यांत निदान चार तासांचं अंतर पाहिजे. तसं केलं आणि मग गोळी इतकी लागायला लागली की १०० वर छातीत धडधड सुरू झाली, परत ७५ वर आले. म्हणजे डोस कमी पडतच नव्हता, शेजार चुकत होता. तेव्हापासून मी किती गोळ्या हे मोजतच नाही, कोणती कुणाशेजारी बसते ते बघते.

आता माझा दिवस. आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं, त्यामुळे उठावंच लागतं. थायरॉईडची बाटली पाण्याच्या पिंपाशेजारच्या फळीवर असते, नळ सुरू केला की पहिली गोळी, साध्या पाण्याबरोबर. भांडी भरून, अंगण झाडून होईस्तोवर तासभर जातो, मग चहा. गजर लावून बघितला होता पण गजर बंद करून माणूस परत झोपतो, पाणी सोडून कुणी झोपत नाही. तुमच्याकडे असं रोज न चुकता होणारं जे काही असेल, दूधवाला, मुलाचा डबा, त्याला गोळी बांधून टाका. नाश्त्यानंतर बी१२, तिचं कुणाशी भांडण नाही. अकराच्या सुमारास लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं, आणि तिच्या आगेमागे तासभर तरी चहा नाही. शौचाला काळपट होतं, घाबरू नका. कॅल्शियम दुपारच्या जेवणात, जेवताजेवताच, कारण माझं कार्बोनेटचं आहे आणि त्याला पोटातलं आम्ल लागतं. (पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० असतं, आणि एका वेळेला शरीर साधारण तेवढंच नीट घेतं, म्हणून दोन सांगितल्या असतील तर एकदम घेऊ नका.) तुम्हाला ॲसिडिटीची गोळी कायमची चालू असेल तर डॉक्टरांना सायट्रेटचं चालेल का विचारा, त्याला आम्ल लागत नाही. आमवाताची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रात्री जेवल्यावर. तिच्यासाठी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घेते, तेवढं तुम्हीही विसरू नका.

डी ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, रोजची नाही. मी रविवारी दुपारी घ्यायचे, कारण त्या दिवशी वरणभातावर तूप जरा सढळ असतं आणि डी ला स्निग्ध लागतं. आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी महिन्यातून एक केली. कितीतरी लोक चिठ्ठी जुनी झाली तरी दर आठवड्याला घेतच राहतात, त्याने रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. कधी थांबायचं ते विचारूनच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून हे दोनदा वाचा. आमवाताला मेथोट्रेक्सेट देतात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी बनणं बंद होतं, माणूस दगावू शकतो. आणि तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं, त्यात फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फॉलव्हाइट म्हणजे फॉलिक, नावं एवढी सारखी की चष्मा नसताना काहीही होऊ शकतं. म्हणून माझी मेथोट्रेक्सेट इतर गोळ्यांच्या डब्यात कधीच नसते. ती वेगळ्या स्टीलच्या डबीत, वरच्या कप्प्यात. शनिवारी रात्री जेवल्यावर आमचे हे काढून देतात आणि कालनिर्णयवर त्या शनिवारच्या चौकोनात लाल टिक करतात, टिक नाही तर गोळी नाही, आणि टिक असेल तर मी कितीही म्हटलं की घेतली नाही तरी देत नाहीत. शनिवार अशासाठी की रविवारी मळमळलं तर घरीच असते. फॉलिक माझं सोमवार आणि गुरुवार, तुमचे वार डॉक्टर सांगतील तेच, फक्त दोन्ही एका दिवशी येत नाहीत ना ते बघा.

बाकीच्यांसाठी सात दिवसांचा कप्प्यांचा डबा आहे, तो भरायची माझी वेळ रविवारी दुपारी तीन. तुमची पण बोटं सकाळी आखडत असतील, माझी तर दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही, आणि त्या बोटांनी चिवट फॉइलमधून गोळी दाबून काढायची म्हणजे ती उडून फ्रिजखाली जाते आणि डोळ्यात पाणी येतं. आधी वाटायचं मी आळस करते म्हणून गोळ्या चुकतात. आळस नव्हता, गोळी बाहेरच निघत नव्हती. दुपारी बोटं मोकळी असतात तेव्हा आठवड्याचं काम एकदम उरकते, सकाळी नुसतं झाकण उघडायचं. डबा घेताना झाकण अंगठ्याने उचलता येतं का ते दुकानातच बघा, काही फार घट्ट असतात. थायरॉईडची मात्र बाटलीतच ठेवते, दमट हवेने खराब होते. आणि मेडिकलवाला अर्धी पट्टी कापून देतो तेव्हा एक्सपायरीची बाजू मागून घ्यायची.

मी बंद काय काय केलं तेही सांगते. मल्टीव्हिटॅमिन बंद केलं, त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतं, नाश्त्यानंतर घेतलं की चार तासांचा सगळा हिशोब बिघडतो. केसांसाठी बायोटिन घेत होते, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी थांबायचं आणि लॅबला सांगायचं. गुळवेलीचा काढा कोरोनात घरोघरी चालू होता, माझ्या जाऊबाईंनी प्रेमानेच आणून दिला होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेणाऱ्या काही पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. कोण बरोबर यात मी पडत नाही, पण मेथोट्रेक्सेटमुळे माझं लिव्हर आधीच दर तीन महिन्यांनी तपासावं लागतं आणि आमवात म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलेली, मग ती वाढवणारं काही मी कशाला घेऊ? जाऊबाईंना नीट समजावून सांगितलं, त्यांनाही पटलं.

पर्समध्ये एक कागद ठेवा, त्यावर सगळं, अगदी पुडी आणि चूर्णसुद्धा. मागे लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी सेप्ट्रान लिहिली, मग कागद बघितला आणि लगेच खोडून दुसरी दिली, मेथोट्रेक्सेटबरोबर ती चालत नाही म्हणाले. नुसतं तोंडी सांगितलं असतं तर मी "आमवाताची गोळी" एवढंच म्हटलं असतं.

उपवासाचं विचारलंत, तर संकष्टीला थायरॉईड नेहमीसारखी पहाटे, कॅल्शियम आणि एचसीक्यू दोन्ही रात्रीच्याच जेवणाशी येतात, पण दोघांत अंतर लागतं म्हणून त्या दिवशी कॅल्शियम सोडूनच देते. एक दिवसाने काही होत नाही. आणि राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेत नाही. मेथोट्रेक्सेट राहिली तर मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका, फोन करून विचारा.

ऑफिसात अकराची लोहाची गोळी जमत नसेल तर दुपारी साडेचार-पाचला घ्या, फक्त चारचा चहा त्या दिवशी पुढेमागे करावा लागेल. आज रात्री बाकी काही नाही जमलं तरी चालेल, पण घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा, मेथोट्रेक्सेट शोधा आणि ती वेगळ्या डबीत ठेवा. रविवारी डबा भरताना कुठे अडलं तर इथेच लिहा, मी बघते.