कैदेत मेलेल्या सैनिकाला शौर्यपदक कशाबद्दल?

तुमचा प्रश्न असा आहे : 'जो पकडला गेला आणि कैदेतच मेला, त्याला अमेरिका सर्वोच्च शौर्यपदक कसं देते? तो लढला कुठे?'

मुलीकडे व्हर्जिनियात राहत होतो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. तिथल्या अलेक्झांड्रिया गावात कॅप्टन हंबर्ट 'रॉकी' व्हर्साचीचा ब्राँझचा पुतळा आहे. सोबत दोन व्हिएतनामी लेकरं. सैनिकाच्या पुतळ्याशेजारी शत्रूच्या मुलखातली पोरं कशाला, म्हणून घरी येऊन वाचत बसलो.

शत्रूचा मुलूख हे मीच चुकीचं समजलो होतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिका दक्षिण व्हिएतनामच्या बाजूने होती आणि रॉकी त्यांच्या सैन्याचा सल्लागार होता. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून १९५९ साली बाहेर पडलेला. व्हिएतनाममधली मुदत त्याने आपणहून सहा महिने वाढवून घेतली होती. पुढे पाद्री व्हायचं आणि व्हिएतनामला परत येऊन तिथल्याच अनाथ मुलांसाठी काम करायचं, असं ठरलेलं. घरी जायला दोन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा २९ ऑक्टोबर १९६३ ला पायात गोळ्या लागून तो व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिणेत लढणाऱ्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती सापडला. वय २६.

आता लढाई. यू मिन्हच्या जंगलात कैद्यांना बांबूच्या पिंजऱ्यात, पायांत बेड्या घालून ठेवत. 'अमेरिका चूक, तुम्ही बरोबर' एवढं वदवून घेण्यासाठी त्यांचे रोज वर्ग चालत. रॉकीला व्हिएतनामी आणि फ्रेंच दोन्ही भाषा येत. शिकवायला येणाऱ्याशी तो त्याच्याच भाषेत हुज्जत घाले, युद्धकैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या जिनिव्हा कराराची कलमं काढे. गळ्यात दोर बांधून गावोगाव फिरवला, तर गावकऱ्यांसमोरही तेच. पाय धड नसताना चार वेळा पळायचा प्रयत्न केला. सगळा राग त्याच्यावर निघायचा, त्यामुळे बाकीच्यांना जरा उसंत मिळायची. वेगळं कोंडलं तेव्हा तो मोठ्याने 'गॉड ब्लेस अमेरिका' म्हणत असे. सोबत्यांच्या कानावर पडलेला त्याचा शेवटचा आवाज तोच.

२६ सप्टेंबर १९६५ ला, त्याला मारल्याचं व्हिएतकाँगच्या रेडिओने जाहीर केलं.

हे सगळं कळलं कसं? त्याच्याबरोबरच पकडला गेलेला निक रो पाच वर्षांनी, १९६८ च्या शेवटच्या दिवशी निसटला आणि त्याने सांगितलं. पण सैन्याने तेव्हा सिल्व्हर स्टार या खालच्या पदकावरच भागवलं. तुमची शंका तिथल्या अधिकाऱ्यांनाही आली असणार, असा माझा आपला तर्क. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तुम्ही म्हणता ते सर्वोच्च पदक, मिळायला जुलै २००२ उजाडलं. व्हिएतनाम युद्धात कैदेतल्या वागणुकीसाठी ते मिळालेला अमेरिकी भूदलातला तो पहिलाच.

कधी अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत गेलात तर त्याच्या नावाचा दगड शोधा. वर 'इन मेमरी ऑफ' (च्या स्मरणार्थ) लिहिलंय. जिथे खाली कुणी पुरलेलं नसतं, तिथेच ते शब्द असतात. रॉकीचा देह अजून सापडलेला नाही.