अंदमानची ट्रिप: परतीच्या आदल्या रात्री हॅवलॉकला राहू नका

सीझन जवळ आला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून नेहमीचे सगळे इथे एकत्र घेतोय. पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप. पण तुम्ही सगळ्यांनी जुनीच नावं लिहिलीत म्हणून मीही तीच वापरतो, तिकिटावर नवीन नाव दिसलं तर गडबडून जाऊ नका.

प्रश्न: पासपोर्ट, परमिट लागतं का?

भारतीयांना नेहमीच्या बेटांसाठी दोन्ही लागत नाही, फोटो ओळखपत्र मात्र हवंच. निकोबारचे नियम वेगळे आहेत, तिथे असं फिरायला जाता येत नाही.

प्रश्न: हॅवलॉकला बीचवरचंच रिसॉर्ट घ्यायचंय. एजंट म्हणतो खोलीतून थेट पाण्यात उतरता येतं. खरं का?

भरतीला खरं, ओहोटीला नाही. बरीचशी रिसॉर्टं गोविंदनगर आणि विजयनगर किनाऱ्याला आहेत आणि तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समोर नुसते खडक उघडे पडतात. जाहिरातीतले फोटो भरतीचेच असतात, ओहोटीचा फोटो कोण लावणार! पोहायचं तर राधानगर बीचला जावं लागतं, ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. त्यामुळे जास्तीचे पैसे भरायच्या आधी रिसॉर्टला स्वतः फोन करा, तुमच्या तारखांना भरती किती वाजता आहे आणि जनरेटर आहे का ते विचारा. आणि कुठेही पाण्यात उतरताना आधी लाइफगार्डला विचारा, या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, मगरीचा बोर्ड दिसला तर उतरायचंच नाही.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, आईला कांदा-लसूणही चालत नाही. हाल होतील का?

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. बराचसा किराणा आणि भाजी जहाजाने येते, त्यामुळे थोडं महाग पडतं आणि हवा बिघडली की मेनू आखडतो. कांदा-लसणाचं मात्र एजंटच्या ‘हो हो होईल’वर सोडू नका, हॉटेलच्या किचनशी बोला आणि मेसेजवर लिहून घ्या.

प्रश्न: पॅकेजमध्ये शेवटच्या २ रात्री हॅवलॉक, शेवटच्या दिवशी सकाळची फेरी (बोट) आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान आहे. आदल्या दुपारी स्कूबा. ठीक आहे ना?

नाही, अजिबात ठीक नाही, आणि हा प्लॅन मला इतक्यांदा येतो की आता सविस्तरच लिहितो. हॅवलॉकहून यायला बहुतेकांना समुद्राशिवाय रस्ता नाही आणि समुद्र खवळला की सरकारी काय, खाजगी काय, सगळ्या फेऱ्या बंद होतात. ‘डिसेंबरात पाऊस नसतो’ हे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं, पण तिथे परतीचा मान्सूनही पडतो आणि वादळंही त्याच काळात येतात. २०१६ च्या डिसेंबरात असंच झालं, हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले, शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे मिळतील हो, पण सुटलेल्या विमानाचे कोण देणार? एजंटला विचारा आणि उत्तर लेखी मागा, म्हणजे कळेल.

दुसरं, स्कूबा. पाण्याखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन साठतो, तो बाहेर पडायच्या आत विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि ते गंभीर प्रकरण आहे. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी निदान १२ तास, जास्त असतील तर निदान १८, मी सगळ्यांना पूर्ण दिवस सोडायला सांगतो. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा, तिथे गेल्यावर नाही. डाइव्हआधीच्या आरोग्याच्या फॉर्मवर ‘सगळीकडे नाही लिहा’ असं कुणी म्हणालं तर ते दुकान सोडा.

म्हणून क्रम फिरवा. आधी हॅवलॉक, नील उरकून घ्या आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. सेल्युलर जेल त्या दिवसासाठी राखा, ७ पैकी उरलेल्या ३ इमारती आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, घाईत बघायची जागाच नाहीये ती. सावरकर जिथे राहिले ती कोठडी तरी निवांत बघा.

प्रश्न: दुपारी ४ ला हॅवलॉकला पोहोचून राधानगरचा सनसेट होईल का?

थंडीत होणार नाही. अंदमान आपल्या खूप पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात ५ च्या सुमारास सूर्य बुडतो. सकाळची फेरी घ्या.

प्रश्न: बारातांग बेटाच्या वाटेवर जारवा आदिवासी दिसतात म्हणे, मुलांना दाखवायचेत.

माणसं आहेत ती, दाखवायची वस्तू नाहीत. त्या रस्त्यावर गाड्या ताफ्याने जातात, थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो. पॅकेजमध्ये कुणी हे आकर्षण म्हणून लिहून दिलं असेल तर बुकिंग रद्द करा आणि प्रशासनाला कळवा.

प्रश्न: किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळ आणलं तर चालतं ना?

नाही. विमानतळावर सामान तपासतात, प्रवाळ काढून घेतात आणि वन्यजीव कायद्याखाली केस होऊ शकते.